मल्लाचे वजन : प्रश्न काट्याचा नव्हे, ताटाचा

७ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी पॅरिस ऑलिंपिकमधील वजनकाट्याने विनेश फोगाट हिचे वजन पन्नास किलोपेक्षा शंभर ग्रॅमनी अधिक दाखविले आणि एका क्षणात तिचे निश्चित झालेले पदक नाहीसे झाले. आदल्याच दिवशी तिने जपानच्या युई सुसाकी हिला पराभूत केले होते. टोकियो ऑलिंपिकमध्ये एकही गुण न गमावता सुवर्णपदक मिळविणारी ही मल्ल त्या दिवसापर्यंत आंतरराष्ट्रीय आखाड्यात अजिंक्य होती. त्यानंतर आणखी दोन लढती जिंकून विनेश अंतिम फेरीत पोहोचली. परंतु दुसऱ्या दिवशीच्या वजनात ती बसली नाही आणि नियमानुसार क्रमवारीत तिला सर्वांत शेवटचे स्थान मिळाले. संयुक्त रौप्यपदक मिळावे म्हणून केलेला तिचा अर्ज क्रीडा लवादाने १४ ऑगस्ट रोजी फेटाळला.

या घटनेने देशभर हळहळ व्यक्त झाली, संताप उसळला, कटकारस्थानाच्या शंकाही बोलून दाखविल्या गेल्या. भावनेच्या या गदारोळात मूळ प्रश्न मात्र बाजूला पडला. उपांत्य फेरीनंतर संध्याकाळी विनेशचे वजन मर्यादेपेक्षा दोन किलो सातशे ग्रॅमनी अधिक भरले होते. रात्रभर अन्नपाणी वर्ज्य करून आणि घाम गाळून त्यातील बहुतेक भार उतरविण्यात आला. अखेरीस केस कापले, कपडे आखूड केले, तरीही शंभर ग्रॅम उरलेच. हे शंभर ग्रॅम का उरले, याची चर्चा पुष्कळ झाली. एका रात्रीत पावणेतीन किलो उतरविण्याची पाळी एखाद्या मल्लावर का यावी, हा खरा प्रश्न आहे.

त्याच ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावत याने ५७ किलो गटात कांस्यपदक मिळविले. उपांत्य लढतीनंतर त्याचेही वजन साडेचार किलोंहून अधिक वाढले होते आणि सुमारे दहा तासांत ते उतरविण्यात आले. त्या पराक्रमाच्या कथा कौतुकाने छापल्या गेल्या. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये झाग्रेब येथील जागतिक स्पर्धेत हाच मल्ल एक किलो सातशे ग्रॅमनी अधिक भरला आणि एकही लढत न खेळता बाद झाला. कुस्ती महासंघाने त्याच्यावर एक वर्षाची बंदी घातली; ती पुढे मागे घेण्यात आली. ज्या कृतीच्या यशाबद्दल पाठ थोपटली गेली, तिच्याच अपयशाबद्दल शिक्षा झाली. यशापयशाच्या या दोन टोकांमध्ये ती पद्धतच सदोष आहे काय, याचा विचार करण्यास कोणालाही सवड झाली नाही.

वजनगटांचा मूळ हेतू

कुस्तीत वजनगट आले ते न्यायासाठी. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये कुस्तीला वजनगट नव्हते. कार्ल शुमान या ठेंगण्या जर्मन व्यायामपटूने तेथे लॉन्सेस्टन इलियट या भारोत्तोलन विजेत्याला चीत करून अजिंक्यपद मिळविले. परंतु असा चमत्कार रोज घडत नसतो. सारखेच कौशल्य असलेल्या दोन मल्लांपैकी एक वीस किलोंनी जड असेल, तर निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो. म्हणून १९०४ च्या सेंट लुई ऑलिंपिकपासून वजनाप्रमाणे गट पाडण्यात आले. समबल प्रतिस्पर्धी एकमेकांसमोर यावेत आणि कस, डावपेच व दम यांवर निकाल लागावा, हा त्यामागील हेतू होता.

महाराष्ट्राच्या मातीतील कुस्तीने हाच हेतू वेगळ्या रीतीने साधला होता. मैदानात जोड लावताना वस्ताद आणि जाणकार मंडळी दोन्ही पैलवानांची अंगलट पाहत, त्यांची मागील कामगिरी लक्षात घेत आणि तोलामोलाची कुस्ती ठरवीत. तेथे काटा नव्हता. त्यामुळे काट्याला फसविण्याचा प्रश्नही नव्हता. या पद्धतीत पक्षपाताला वाव होता, हे खरे. पण कुस्तीच्या आदल्या रात्री पैलवानाने पाण्याचा घोटही घेऊ नये, असा विचार तिच्यात कोणाला सुचला नसता. उलट पैलवान भरल्या अंगाने मैदानात उतरावा यासाठीच सारा खटाटोप असे.

स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक याच मातीतून वर आलेल्या खाशाबा जाधवांनी मिळविले. १९४८ साली लंडनमध्ये ते फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोंपर्यंतच्या गटात खेळले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत ते त्याच गटाला चिकटून राहिले नाहीत. वरच्या, ५७ किलोंच्या बँटमवेट गटात ते उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. वरच्या गटात गेल्यामुळेच पदक मिळाले, असे म्हणता येणार नाही. मात्र वाढत्या अंगाबरोबर वरच्या गटात जाणे म्हणजे माघार घेणे नव्हे, एवढे या उदाहरणावरून निश्चित दिसते.

खाली उतरण्याची ओढ

आज मल्लांची ओढ नेमकी उलट दिशेला आहे. नैसर्गिक वजन ६१ किलो असलेला मल्ल ५७ च्या गटात उतरला, तर आपल्यापेक्षा लहान चणीचा प्रतिस्पर्धी आपल्याला मिळेल, असा त्याचा हिशेब असतो. प्रतिस्पर्धीही तोच हिशेब करून त्याच्या वरच्या गटातून खाली आलेला असतो. अशा रीतीने दोघेही अशक्त होऊन समोरासमोर उभे राहतात आणि कोणालाच लाभ होत नाही. न्यायासाठी निर्माण झालेली व्यवस्था अशा प्रकारे उपासमारीची चढाओढ बनली आहे.

या ओढीला व्यवस्थेनेही खतपाणी घातले आहे. जागतिक स्पर्धेत महिलांसाठी दहा वजनगट आहेत. पॅरिस ऑलिंपिकमध्ये मात्र सहाच होते. पुरुषांच्या फ्रीस्टाइल प्रकारात तेथे ५७ नंतर थेट ६५ किलोंचा गट होता. मधल्या आठ किलोंत ज्यांचे शरीर बसते, त्यांनी काय करावे? बीड जिल्ह्यातील राहुल आवारे याने २०१९ साली नूर-सुलतान येथे ६१ किलो गटात जागतिक कांस्यपदक मिळविले. परंतु हा गट ऑलिंपिकमध्ये नाही. त्यातच प्रत्येक गटात एका देशाचा एकच मल्ल खेळू शकतो. विनेश टोकियोत ५३ किलो गटात खेळली होती. पुढे त्या गटातील भारताची जागा अंतिम पंघाल हिने मिळविली आणि विनेश ५० किलो गटाकडे वळली. पंचविशी ओलांडलेल्या, वर्षानुवर्षांच्या मेहनतीने स्नायू कमावलेल्या मल्लाला तीन किलो खाली आणणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी शरीराचा हिशेब मांडणे आवश्यक आहे.

पाण्याचा हिशेब, चरबीचा हिशेब

शरीराच्या वजनात साधारण साठ टक्के वाटा पाण्याचा असतो. स्नायूंमध्ये साठविलेल्या साखरेचा, म्हणजे ग्लायकोजेनचा, साठा चार-पाचशे ग्रॅम असतो आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. आतड्यांतील अन्नाचे वजन निराळे. याउलट एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी ऊर्जा असते. रोजच्या गरजेपेक्षा पाचशे कॅलरी कमी घेतल्या, तर एक किलो चरबी उतरण्यास जवळजवळ पंधरा दिवस लागतात. चार किलोंना दोन महिने. एका रात्रीत चार किलो चरबी उतरविणे ही निसर्गाला मान्य नसलेली गोष्ट आहे. एका रात्रीत जे जाते ते जवळजवळ सारे पाणीच असते.

हे पाणी फुकट जात नाही. वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झाले तरी दम टिकविण्याची शक्ती घटू लागते. रक्ताचे आकारमान कमी होते, तेवढेच रक्त फिरविण्यासाठी हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात, घाम आटल्यामुळे शरीरातील उष्णता बाहेर पडत नाही आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. उपाशीपोटी ग्लायकोजेनही संपलेले असते. म्हणजे सहा मिनिटांच्या झुंजीत स्नायूंना ज्या इंधनाची सर्वाधिक गरज, तेच नेमके नसते. वजन झाल्यावर मल्ल खातो-पितो, तेव्हा कोरडे पडलेले शरीर मिळेल ते पाणी साठवून ठेवते आणि संध्याकाळी काटा पुन्हा वर जातो. विनेश आणि अमन यांच्या बाबतीत जे घडले, त्यात गूढ असे काहीच नाही. पाणी काढून उतरविलेले वजन पाण्याबरोबरच परत येणार.

२०१८ पूर्वी आंतरराष्ट्रीय कुस्तीत वजन आदल्या दिवशी होत असे. त्यामुळे सात-आठ किलो उतरवून रात्रभरात ते परत भरून काढण्याची प्रथा बोकाळली होती. तिला आळा घालण्यासाठी वजन लढतीच्या दिवशी सकाळी घेण्याचा आणि अंतिम फेरी गाठणाऱ्याचे दुसऱ्या दिवशी पुन्हा घेण्याचा नियम आला. नियमाचा संदेश स्पष्ट होता: ज्या वजनात दोन दिवस सुखाने राहता येईल, त्याच गटात खेळा. नियम बदलला, तालमीतील सवय मात्र बदलली नाही. पॅरिसचा धडा काही असेल, तर तो हाच आहे.

तीन तरुणांचे मृत्यू

पदक गमावणे हे या सवयीचे सर्वांत मोठे मोल नव्हे. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांत अवघ्या तेहतीस दिवसांत तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरविताना मरण पावले. तिघांनीही पाणी तोडले होते आणि घाम आत कोंडून ठेवणारे कपडे घालून उष्ण जागेत ते व्यायाम करीत होते. तिघेही एकोणीस ते बावीस वर्षांच्या वयाचे होते.

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडासंस्थेने त्यानंतर हा प्रश्न मल्लांच्या शहाणपणावर सोडला नाही. वजन उतरविण्यासाठी बाष्पस्नान आणि रबरी कपडे यांवर बंदी घालण्यात आली. वजन लढतीच्या जवळ आणले गेले. हंगामाच्या आरंभीच प्रत्येक मल्लाची लघवी तपासून शरीरात पुरेसे पाणी आहे याची खात्री करावयाची, चरबीचे प्रमाण मोजावयाचे आणि पाच टक्क्यांहून खाली ते जाणार नाही असे किमान वजन ठरवून द्यावयाचे, असा दंडक घातला गेला. त्या वजनापर्यंत उतरण्याचा वेगही आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा अधिक असता कामा नये. म्हणजे गट कोणता, याचा निर्णय स्पर्धेच्या सकाळी न होता हंगामाच्या आरंभी होतो आणि तो शरीराची तपासणी करून होतो.

खुराक आणि आहार

आपल्याकडील तालमीत आहाराकडे दुर्लक्ष झाले आहे असे म्हणता येणार नाही. दूध, तूप, बदाम, थंडाई या खुराकाची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. खुल्या गटात, ‘महाराष्ट्र केसरी’च्या गदेसाठी लढणाऱ्या धिप्पाड पैलवानाला तो शोभूनही दिसतो. पण ५७ किलोंत बसू पाहणाऱ्या मल्लाला तोच खुराक जसाच्या तसा लागू पडत नाही. मोठा चमचाभर तुपात सुमारे सव्वाशे कॅलरी असतात आणि प्रथिने जवळजवळ नसतात. हंगामाबाहेर मनसोक्त खुराक आणि हंगामात कडकडीत उपास, या दोन टोकांमध्ये वर्षभर हेलकावे खाणारे शरीर कधीच स्थिर होत नाही.

आहारशास्त्राचा सल्ला या बाबतीत सुस्पष्ट आहे आणि तो फारसा खर्चिकही नाही. स्पर्धेच्या काळातील वजन आणि एरवीचे वजन यांत फार अंतर पडू देऊ नये. कमी करावयाचेच असेल, तर आठवड्याला अर्धा ते एक टक्का, म्हणजे साठ किलोंच्या मल्लाने तीनशे ते सहाशे ग्रॅम, एवढ्याच गतीने करावे. या काळात स्नायू झडू नयेत म्हणून प्रथिने वाढवावी लागतात: वजनाच्या दर किलोमागे दीड ते दोन ग्रॅमपर्यंत. साठ किलोंच्या मल्लाला त्यामुळे दिवसाला नव्वद ते एकशेवीस ग्रॅम प्रथिने लागतील. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम, मोठ्या पेलाभर दुधातून आठ, शंभर ग्रॅम डाळीतून बावीस-तेवीस ग्रॅम, तर तेवढ्याच शेंगदाण्यांतून पंचवीसच्या आसपास प्रथिने मिळतात. शेंगदाण्यांत स्निग्धांश पुष्कळ असल्याने ते बेतानेच घ्यावेत. डाळ, उसळ, दूध, दही, अंडी, मासे आणि परवडेल तेव्हा चिकन यांतून ही गरज भागू शकते. महागड्या डब्यांतील भुकटीवाचून काहीही अडत नाही. कपात करावयाची ती तूप, तळण आणि साखर यांत. भात-भाकरी पूर्णपणे तोडली, तर सरावाचे इंधनच संपते.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत भाकरी, पालेभाज्या, उसळी असे चोथायुक्त अन्न कमी करून मऊ भातासारखे हलके अन्न घेतले आणि मीठ बेताने वापरले, तर आतड्यांतील भार कमी होऊन काही शे ग्रॅमचा फरक पाणी न तोडताही पडतो. वजन झाल्यानंतर जेवढे पाणी गेले असेल त्याच्या सव्वा ते दीडपट द्रव, मीठ-साखर घालून आणि घोटाघोटाने, घेतले पाहिजे. त्याबरोबर केळी, भात असे लवकर पचणारे अन्न घ्यावे. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांचा मार्ग तर सर्वस्वी वर्ज्य समजला पाहिजे. त्या प्रकृतीला घातक आहेतच, शिवाय उत्तेजकविरोधी नियमांनुसार त्या निषिद्ध असून चाचणीत सापडल्यास खेळाडूची सारी कारकीर्द धोक्यात येते.

मुलींच्या बाबतीत अधिक सावधगिरी आवश्यक आहे. मेहनतीच्या मानाने अन्न दीर्घकाळ अपुरे पडले, तर मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले आणि ती पुरुषांतही आढळते, हे निदर्शनास आणले. पाळी थांबणे हे कठोर मेहनतीचे लक्षण आहे, असा समज अद्याप कोठे असेल, तर तो तत्काळ दूर झाला पाहिजे. शरीराने दिलेली ती धोक्याची सूचना आहे.

प्रश्न शाळेपाशी सुरू होतो

ऑलिंपिकच्या मल्लाजवळ निदान वैद्यक आणि आहारतज्ज्ञ असतात. जिल्हा पातळीवरील शालेय स्पर्धेत उतरणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाजवळ कोण असते? चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील मुलामुलींच्या शालेय कुस्तीतही वजनगट आहेत. या स्पर्धांतील यशावर दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळू शकतात, पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी राखीव असलेल्या पाच टक्के जागांचा मार्ग खुला होतो. सामान्य कुटुंबातील मुलाच्या दृष्टीने पदकाला त्यामुळे केवळ मानाचे नव्हे, भाकरीचे मोल येते. अशा वेळी ‘खालच्या गटात पदक सोपे आहे’ असे कोणी त्याच्या कानात सांगितले, तर तो दोन दिवस उपाशी राहील, उन्हात स्वेटर घालून धावेल, थुंकी टाकीत बसेल आणि घरी कोणाला सांगणारही नाही.

हे वय वाढीचे आहे. दरवर्षी उंची आणि वजन वाढणे हाच या वयाचा धर्म. गेल्या वर्षी ज्या गटात पदक मिळाले, त्याच गटात मुलाला यंदाही बसविण्याचा आग्रह म्हणजे त्याच्या वाढीला रोखण्याचा आग्रह होय. मुलाने वरचा गट मागितला, तर ती प्रगती समजून शिक्षकाने त्याचे स्वागत केले पाहिजे. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात वर्गात पेंगणारा, डबा न उघडणारा, पाणी टाळणारा विद्यार्थी दिसला, तर तो प्रश्न केवळ क्रीडाशिक्षकाचा नाही. वर्गशिक्षकानेही त्याच्या घरी कळविले पाहिजे.

संघटनांनाही आपली जबाबदारी टाळता येणार नाही. वर्षारंभी वजन आणि उंचीची नोंद, पाण्याची तपासणी, किमान वजनाचा दाखला आणि स्पर्धेच्या तोंडावर गट बदलून खाली येण्यास मनाई, एवढ्या गोष्टी जिल्हा पातळीवरही अशक्य नाहीत. लघवीच्या तपासणीला लागणारी साधने साध्या प्रयोगशाळेत मिळतात. ऑलिंपिकमधील गट वाढविणे भारताच्या हाती नाही. आपल्या शाळा आणि तालमींतील प्रथा बदलणे मात्र सर्वस्वी आपल्याच हाती आहे.

पॅरिसच्या काट्याला दोष देण्यात अर्थ नाही. रेषा कोठे तरी आखावीच लागते आणि ती ओलांडणारा एक किलोने ओलांडो की शंभर ग्रॅमनी, नियम तोच राहतो. काटा फक्त त्या क्षणीचा भार सांगतो. त्यामागचे वर्षभराचे जेवण, मेहनत आणि विश्रांती त्याला दिसत नाही. ती पाहण्याचे काम वस्तादाचे, शिक्षकाचे आणि पालकांचे आहे. पूर्वीचे जाणते वस्ताद पैलवानाची अंगलट पाहून त्याची जोड ठरवीत. तीच नजर आता शास्त्राच्या आधाराने मुलाच्या ताटाकडे वळली आणि त्याचा गट त्याच्या वाढत्या शरीरावरून ठरू लागला, तर पॅरिसमध्ये गमावलेल्या पदकातून पुढच्या पिढीच्या पदरी काही तरी पडले, असे म्हणता येईल.